गोदा बाहेर गेली आहे

एका जंगलात, मुलांनो, त्या दिवशी विशेष काही घडणार नव्हतं. जंगल कुठलं ते विचारू नका. अलीकडे एक डोंगर होता, पलीकडे एक डोंगर होता, मध्ये दरी होती आणि वर ढग होते. गोष्टीला एवढं पुरे.

सकाळची वेळ होती. त्र्यंबक नावाचं एक शेकरू उंबराच्या फांदीवर बसून बेहडा सोलत होतं. शेकरू म्हणजे मोठी खार. तांबूस अंग आणि लांब झुबकेदार शेपटी. त्र्यंबकाची शेपटी वयामुळे मध्ये थोडी विरळ झाली होती. तो ती पाठीवर अशा बेताने ठेवायचा की विरळ भाग दिसू नये. तो दिसायचाच. आता एवढी ओळख झाल्यावर आपण त्याला 'तो'च म्हणू.

बेहडा अर्धा सोलून झाला आणि एक बगळा फांदीवर उतरला. त्याच्या चोचीत एक पान होतं. ते त्याने पायाखाली धरलं आणि वाचलं.

"गोदा यांचं घरटं हेच का?"

"हो."

"अभिनंदन. ढगावरच्या बाजारात विक्रेता म्हणून गोदा यांची नोंदणी झाली आहे. गोदा आहेत का?"

गोदा म्हणजे त्र्यंबकाची बायको. तिला जाऊन एकवीस दिवस झाले होते.

त्र्यंबकाने बेहडा खाली ठेवला. अशा वेळी काय म्हणायचं ते त्याला माहीत होतं. वाक्य लांब नव्हतं. आजूबाजूच्या सगळ्या झाडांना त्याने ते सांगितलं होतं, आणि न अडखळता सांगितलं होतं. पण हा बगळा परका होता. एका पायावर उभा होता. त्याला घाई होती.

"बाहेर गेली आहे," त्र्यंबक म्हणाला.

"कधी येतील?"

"सांगता येत नाही."

"हरकत नाही," बगळा म्हणाला, आणि त्याने पानावर चोचीने एक भोक पाडलं.

मुलांनो, खोटं बोलू नये असं तुम्हाला शाळेत सांगतात. त्र्यंबकालाही सांगितलं होतं. तो चांगला शिकलेला होता.

आता हा अर्ज आला कुठून ते सांगतो.

शेकरांची एक अडचण असते. ती वर्षभर बिया गोळा करतात आणि उन्हाळ्यासाठी लपवून ठेवतात. ढोलीत, बेचक्यात, सालीच्या फटीत. आणि मग विसरतात. कुठे ठेवलं ते तर विसरतातच, पण ठेवलं होतं हेही विसरतात. झाडं रिकामी झाली की जंगलातली निम्मी शेकरं फांद्यांवर उभी राहून एकच वाक्य म्हणत असतात, "इथेच तर ठेवलं होतं."

गोदाही विसरायची. पण आठवायचं कसं ते तिला माहीत होतं. कुणी घाबराघुबरा होऊन आला की ती आधी त्याला बसवायची. काय हरवलं ते विचारायचीच नाही. भलतंच काहीतरी विचारायची.

"ठेवलंस तेव्हा ऊन कुठल्या गालावर होतं?"

"तोंडात काय होतं तेव्हा? जांभूळ की हिरडा?"

"आणि त्या दिवशी चिडला होतास कुणावर?"

"गोदावहिनी," समोरचा म्हणायचा, "माझ्या बिया हरवल्यात. त्यात चिडण्याचं काय आलं?"

"तू सांग तर खरं."

तो सांगायला लागायचा, आणि सांगता सांगता मध्येच उठून पळत सुटायचा. थोड्या वेळाने लांबून त्याचा आवाज यायचा, "सापडलं, वहिनी."

त्र्यंबकाला हे बघवेना. म्हणजे कौतुक होतंच. पण शिकलेल्या प्राण्याला कुठलीही गोष्ट नुसती चाललेली बघवत नाही, तिला पद्धत लावावीशी वाटते. त्याने गोदाच्या मागे लागून तिचे सगळे प्रश्न फणसाच्या पानांवर दातांनी कोरून घेतले. एका पानावर एक प्रश्न. प्रश्नाखाली तीन-चार उत्तरं. प्रत्येक उत्तरापुढे, आता कितवं पान उलटायचं तो आकडा. असं उलटत उलटत गेलं की शेवटी जे पान यायचं त्यावर लिहिलेलं असायचं, अमुक बाजूच्या अमुक जाडीच्या फांदीवर बघा. अशी एकशे चाळीस पानं झाली. त्र्यंबकाने ती वेलीने एकत्र शिवली आणि त्या चळतीला नाव दिलं, 'कुठंशी'.

आता गोदा घरट्यात नसली तरी तिचे प्रश्न विचारले जात.

"म्हणजे मी नसले तरी चालेल," गोदा म्हणाली होती. हसत म्हणाली होती. त्र्यंबकही हसला होता.

गोदाची एक मोठी बहीण होती, यमूअक्का. ती दरीपलीकडच्या डोंगरावर एकटी राहायची. वयाबरोबर तिचं विसरणं फार वाढलं होतं. मागच्या उन्हाळ्यात तिने ठेवलेल्या बियांपैकी एकही तिला सापडली नाही. दोन महिने तिने झाडाची साल खाऊन काढले. हे एका धनेश पक्ष्याकडून कळलं. त्याच संध्याकाळी गोदाने 'कुठंशी'ची चळत पाठीवर बांधली.

"चला. अक्काला देऊन येऊ."

"दरी उतरून?"

"आपल्याला उडता येत नाही."

"दोन दिवस जायला, दोन यायला. माझा गुडघा..."

"गुडघा घरी ठेवा. तुम्ही या."

"अगं, ऐक तर. हल्ली असं पाठीवर बांधून कुणी नेत नाही. ढगावर बाजार आहे. तिथे एकदा वस्तू मांडली, की ढग जाईल तिथे वस्तू जाते. ढगाला दरी ओलांडायला घटकाभर लागत नाही. एकटी यमूअक्काच का, सगळ्या डोंगरांवरची शेकरं वापरतील."

"मला सगळी शेकरं नकोत. मला अक्का हवी."

"तीही त्यात आलीच की."

गोदाने त्याच्याकडे पाहिलं. चळत पाठीवरून सोडली. तिच्यातलं शेवटचं पान तेवढं उसवून काढलं. "हे मी पुन्हा लिहिणार आहे," ती म्हणाली. "तुम्हाला ते जमायचं नाही." आणि ते पान घेऊन ती गेली.

त्र्यंबकाने अर्ज भरला. त्यात सगळीकडे नाव गोदाचं घातलं. निर्मिती, गोदा. खातेदार, गोदा. मदतीसाठी संपर्क, गोदा. आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं त्याला त्या संध्याकाळी वाटलं. बगळ्यांनी कळवलं, चार आठवडे लागतील.

ज्यांना गणित येतं त्यांनी मोजून बघा. चार आठवड्यांत दरीपलीकडे सात वेळा जाऊन येता येतं.

पहिल्याच आठवड्यात गोदा आजारी पडली. तीन दिवस. एवढंच.

दरीपलीकडे निरोप गेला नाही. हात हलवत कसं जायचं, असं त्र्यंबकाला वाटलं. आधी 'कुठंशी' ढगावर चढू दे. म्हणजे यमूअक्काला सांगायला जाऊ तेव्हा सांगण्यासारखं आणखीही काहीतरी असेल.

तर असा तो अर्ज, आणि असा तो बगळा.

"नोंदणी झाली म्हणजे आपण फक्त विक्रेते झालात," बगळा म्हणाला. "वस्तू अजून मांडायची आहे."

"मग इतके दिवस काय चाललं होतं?"

"आपण आपणच आहात याची खातरजमा."

ढगावरच्या बाजारात सगळे बगळेच कामाला होते. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. त्यामुळे कोण काम करतंय आणि कोण नुसतं उभं आहे ते खालून कळत नसे.

"एक नियम लक्षात ठेवा," बगळा म्हणाला. "कुठलाही बदल करण्याआधी खातेदाराकडे सहा बिया येतील. त्यांचा क्रम घटकाभरात आम्हाला सांगायचा. बिया खातेदाराच्याच जागेवर ठेवायच्या असतात. गोदा कुठे बसतात?"

त्र्यंबकाने घरट्याची डावी बाजू दाखवली. तिथली पालवी अजून अंगाच्या आकाराने दबलेली होती. एकवीस दिवस तो उजव्या कडेला अंग चोरून झोपत होता. बगळ्याने सहा बिया बरोबर त्या खळग्यात ठेवल्या आणि तो दुसऱ्या पायावर उभा राहिला.

घटका गेली. बिया रद्द झाल्या. बगळ्याने नव्या सहा ठेवल्या. त्याही रद्द झाल्या.

"दिसत नाहीत का नीट?" बगळ्याने विचारलं.

"दिसतात."

तिसऱ्या खेपेला त्र्यंबकाने हात घातला. हिरडा, हिरडा, ऐन, जांभूळ, हिरडा, बेहडा.

मग कामाला सुरुवात झाली.

पहिल्यांदा अर्ज परत आला तो वर्णनावरून. वस्तूचं वर्णन म्हणून त्र्यंबकाने गोदाने चळतीवर लिहिलेलंच दिलं होतं. 'विसरलात? बसा. पान उलटा.' बगळ्यांनी त्यावर शेरा मारला, 'अपुरं'.

त्र्यंबक आप्पा वानराकडे गेला. आप्पा ढगावरच्या बाजारातला तज्ज्ञ समजला जाई. त्याची स्वतःची एकही वस्तू ढगावर नव्हती, म्हणून त्याला सल्ला द्यायला वेळ असे.

"त्र्यंबकराव, हे वर्णन आहे की घरी पाहुणा आलाय?" आप्पा म्हणाला. "बसा म्हणे. ढगावर कोण बसतं? हे घ्या." आणि त्याने केळीच्या पानावर एका दमात लिहिलं. 'कुठंशी ही लहानमोठ्या सर्व शेपट्यांसाठी घडवलेली, झाडागणिक विस्तारणारी, सुरक्षित व परिपूर्ण स्मरणव्यवस्था आहे.'

"झाडागणिक विस्तारणारी म्हणजे?"

"एका झाडावर चालते तशी हजार झाडांवर चालते."

"पण तुम्ही बघितलंत कुठे?"

"अहो, वर्णन आहे ते. शपथ नाही."

खरं सांगायचं तर त्र्यंबकाला ते वाक्य आवडलं. घरी येऊन त्याने ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं आणि सवयीने डावीकडे वळून बघितलं.

मग तीन ठळक वैशिष्ट्यं हवी होती. सुरक्षित हे एक झालं, वेगवान हे दुसरं झालं.

"तिसरं लिहू का, गोदाने केलेलं?"

"ते वैशिष्ट्य नाही, त्र्यंबकराव, ती माहिती झाली," आप्पा म्हणाला. तिसरं त्याने 'हलकं' असं लिहिलं.

मग चिन्ह परत आलं, कारण ते चौकोनात बसत नव्हतं. मग किंमत परत आली. त्र्यंबकाने किंमत लिहिली होती, काही नाही. बगळे म्हणाले, 'काही नाही' ही किंमत होत नाही, त्याला चाचणीकाळ म्हणतात, आणि चाचणीकाळ किती दिवसांचा ते लिहा. त्र्यंबकाने लिहिलं, आयुष्यभर. बगळे म्हणाले, आयुष्य हे माप यादीत नाही. शेवटी तीनशे पासष्ट दिवसांवर मिटलं.

प्रत्येक वेळी गोदाच्या जागेवर सहा बिया यायच्या. प्रत्येक वेळी बगळा विचारायचा, "गोदा आहेत का?" आणि त्र्यंबक म्हणायचा, "बाहेर गेली आहे." दहाव्या-बाराव्या वेळेपासून हे त्याला सहज जमायला लागलं. एकदा तर तो म्हणाला, "आत्ताच गेली."

माघ संपत आला. झाडं विरळ व्हायला लागली. दरीपलीकडे यमूअक्काचं काय चाललं असेल, असं त्याच्या मनात रोज येई. रोज तो स्वतःला सांगे, हा एवढा रकाना भरला की झालं.

मग बगळा एक पान घेऊन आला आणि ते त्याने पायाखाली जरा जोरात धरलं.

"पान सत्तावन्न. 'त्या दिवशी कुणावर चिडला होतात?' ही ग्राहकाची खासगी बाब आहे. असली माहिती घेता येणार नाही. प्रश्न काढा."

"त्यावरच तर सगळं आहे."

"असेल. काढा."

"काढून टाका की," आप्पा म्हणाला. "एकशे चाळीस पानांत एक गेलं तर कोण मोजतंय?"

त्र्यंबकाने सत्तावन्नावं पान हातात घेतलं. ते जून पान होतं. कोरताना गोदाला जोर लावावा लागला होता. दातांच्या खुणा मागच्या बाजूलाही उमटल्या होत्या. तो थोडा वेळ त्या खुणांवरून बोट फिरवत बसला. मग त्याने प्रश्नाखाली बारीक अक्षरात एक ओळ कोरली, 'उत्तर मनातल्या मनात द्यावे.'

"म्हणजे माहिती गोळा होत नाही," बगळा म्हणाला. "चालेल."

या सगळ्या उद्योगात त्र्यंबकाने शहाणपणाची म्हणावी अशी ही एकच गोष्ट केली. म्हणून मुद्दाम सांगितली.

आणि मग बगळ्याने विचारलं, "पान एकशे चाळीस कुठे आहे?"

त्र्यंबकाने उसवलेल्या शिवणीवर बोट ठेवलं.

"एकशे एकोणचाळीसाव्या पानावर लिहिलंय, 'अजूनही सापडलं नसेल तर पुढचं पान उलटा.' पुढचं पान नाहीच. ग्राहकाला काहीच सापडलं नाही तर त्याने काय करायचं? पंधरा दिवसांत पान जोडा. नाहीतर अर्ज आपोआप रद्द होईल आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल. तेव्हा मात्र खातेदाराला स्वतः समोर यावं लागेल. बाहेर गेल्या आहेत म्हणून चालणार नाही."

त्र्यंबकाने स्वतःच पान लिहायचा प्रयत्न केला. 'अजूनही सापडलं नसेल तर' असं कोरलं. पुढे त्याला काही सुचेना. त्याने अशी चार पानं वाया घालवली. गोदा म्हणाली होती तसंच झालं, त्याला ते जमलं नाही.

म्हणजे गोदाने लिहिलेलं पान शोधणं आलं. त्याने घरटं उलटंपालटं केलं, एक डावी बाजू सोडून. शेजारच्या ऐनावर पाहिलं, बेहड्यावर पाहिलं, तिच्या सगळ्या ढोल्या पाहिल्या. बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी आप्पा वानर सहज येऊन बसला.

"काय शोधताय?"

"गोदाने एक पान ठेवलंय. कुठे ठेवलंय ते सापडत नाही."

आप्पाने चळतीकडे पाहिलं, मग त्र्यंबकाकडे पाहिलं, मग पुन्हा चळतीकडे.

"ही कशासाठी केलीत म्हणालात?"

मुलांनो, हसू नका. ज्याने ती चळत शिवली, जी सर्व शेपट्यांसाठी घडवलेली परिपूर्ण स्मरणव्यवस्था आहे असं ज्याने तीनदा वाचलं, त्याला ती स्वतः वापरायचं बारा दिवस सुचलं नव्हतं. आप्पा गेल्यावर त्याने पहिलं पान उलटलं.

'ठेवलंत तेव्हा ऊन कुठल्या गालावर होतं?'

संध्याकाळ होती. ती दरीकडे तोंड करून गेली होती. म्हणजे डाव्या. एवढं त्याला आठवत होतं. पान बत्तीस.

'तोंडात काय होतं?'

ते त्याला माहीत नव्हतं. तो अर्ज भरत होता. तिने त्या दिवशी काही खाल्लं होतं की नाही, हेच त्याला सांगता येईना. उत्तरांच्या तळाशी गोदाने लिहिलं होतं, 'लक्ष नव्हतं', आणि त्यापुढे आकडा होता. पान सत्तावन्न.

'त्या दिवशी कुणावर चिडला होतात?' खाली त्याच्याच बारीक अक्षरात, उत्तर मनातल्या मनात द्यावे.

उत्तर द्यायला त्याला वेळ लागला नाही. वेळ लागला तो पुढचं पान उलटायला. त्यावर लिहिलं होतं, 'चिडून ठेवलेली वस्तू कुणी लांब ठेवत नाही. ज्याच्यावर चिडलात, त्याला रोज दिसेल अशा जागी बघा.'

त्र्यंबकाने मान वर केली.

ज्या फांदीवर बसून तो महिनाभर अर्ज भरत होता, तिच्या बरोबर समोर, दरीच्या बाजूला, दोन डहाळ्यांच्या बेचक्यात एक वाळकं पान खोचलेलं होतं. रोज ते वाऱ्याने फडफडायचं. रोज त्याच्या मनात यायचं, हे एकदा काढून टाकलं पाहिजे.

त्याने ते काढलं. गोदाने लिहिलं होतं, 'अजूनही सापडलं नाही? मग पानं मिटा. ज्याला माहीत असेल त्याच्याकडे उठून जा. जवळ बसा. बोला.'

त्याने ते दोनदा वाचलं. मग दरीकडे पाहिलं. दरीत ऊन पडलं होतं. उतरायची वाट खालपर्यंत स्पष्ट दिसत होती.

मग त्याने पान चळतीला शिवलं आणि बगळ्याला हाक मारली.

"उठून जा," बगळ्याने वाचलं. "म्हणजे ग्राहकाला दुसऱ्या सेवेकडे पाठवता. हरकत नाही, बऱ्याच वस्तूंत तसं असतं. आता शेवटचा रकाना. ग्राहकाने काही निरोप धाडला तर सूर्य मावळायच्या आत त्याला उत्तर मिळालं पाहिजे. आपण जागेवर नसलात तर आपोआप जाणारं उत्तर लागेल. गोदा बऱ्याचदा बाहेर असतात असं दिसतं."

"हो."

"नमुन्यातलं ठेवू?"

"ठेवा."

सहा बिया आल्या. त्याने क्रम सांगितला.

पहिले चार दिवस 'कुठंशी' ढगावर फक्त विक्रेत्यालाच दिसेल, असा नियम होता. सगळं नीट आहे ना, ते बघून घ्यायला. ते चार दिवस त्र्यंबक फांदीवर बसून वर बघत होता. त्याला वाटलं, एवढ्यावर थांबलं तरी काही वाईट नाही. पाचव्या दिवशी बगळ्यांनी वस्तू सर्वांसाठी खुली केली आणि ढग दरीवरून पलीकडे गेला. घटकाभरही लागला नाही. त्याबाबतीत त्र्यंबकाचं खरंच होतं. तो शेपटी सावरायची विसरून कितीतरी वेळ उभा होता.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी बगळा आला.

"पहिला ग्राहक. पाचपैकी पाच गुण. अभिनंदन. सोबत निरोपही आहे. गोदा आहेत का?"

"बाहेर गेली आहे. द्या इकडे."

पानावरच्या दातांच्या खुणा वाकड्यातिकड्या होत्या. मध्ये मध्ये एखादा दात पडलेला असावा.

'गोदे, एका बगळ्याने ही चळत खाली टाकली. वर काय लिहिलंय ते मला काही कळलं नाही, शेपट्यांचं काहीतरी आहे. पण आत "कुणावर चिडला होतात" आलं आणि मी तुला ओळखलं. लहानपणी तू मला हेच विचारून भंडावून सोडायचीस. बेहडे सापडले. सगळे नाही, पण उन्हाळा निघेल एवढे सापडले. तू स्वतः का नाही आलीस? त्र्यंबकरावांचा गुडघा असेल. त्यांना राहू दे, तू ये. यमू.'

त्र्यंबकाने पान खाली ठेवलं. मग उचलून पुन्हा वाचलं. मग तो म्हणाला, "मला उत्तर लिहायचंय."

"गेलं," बगळा म्हणाला.

"काय गेलं?"

"आपोआप जाणारं उत्तर. आपणच मंजूर केलं होतंत." बगळ्याने ते पान काढलं आणि वाचून दाखवलं. "'आपला निरोप मिळाला. आभारी आहोत. गोदा लवकरच आपल्याला प्रत्यक्ष भेटतील.'"

त्र्यंबकाने त्या पानाकडे हात केला.

"ते परत घेता येईल का?"

"गेलेलं परत येत नाही. पुढच्यासाठी बदलता येईल. खातेदाराच्या सहीने." बगळ्याने गोदाच्या जागेवर सहा बिया ठेवल्या आणि सवयीने विचारलं, "गोदा आहेत का?"

त्र्यंबकाने तोंड उघडलं. वाक्य त्याला माहीत होतं. लांब नव्हतं.

"बाहेर गेली आहे," तो म्हणाला.

घटका गेली. बिया रद्द झाल्या.

दुसऱ्या दिवशी दरीपलीकडून आणखी एक पान आलं. त्यावर एवढंच होतं. 'बरं. मी रोज कडेच्या फांदीवर बसते. तिथून वाट दिसते.'

तात्पर्य

मुलांनो, आपल्या माणसाला काही द्यायचं असेल तर ते कधीही स्वतः नेऊन देऊ नये. वाटेत दरी लागते, गुडघा दुखतो, आणि पोचल्यावर समोर बसून बोलावं लागतं. त्यापेक्षा ते ढगावर मांडावं. वस्तू वेळेत पोचते, पाचपैकी पाच गुण मिळतात, आणि जे बोलणं आपल्याला जमत नाही ते आपोआप बोललं जातं.

तुमच्यातलं कुणीतरी विचारेल, मग त्र्यंबक गेला का? तो जाणार आहे. गुडघ्याला तेल लावणं चालू आहे. शिवाय वर्णनातल्या एका शब्दाबद्दल त्याच्या मनात शंका आहे, तेवढी फिटली की निघायचं असं ठरलं आहे.

यमूअक्काला अजून कुणी सांगितलेलं नाही.